वैमानिकाचा हात आणि पंखाची कड

विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर बसवलेली लांबट फळी म्हणजे एलेरॉन. ती खाली झुकली की पंखाचा तेवढ्या भागातला बाक वाढतो, उचल वाढते आणि तो पंख वर जातो. त्याच वेळी दुसऱ्या पंखावरची फळी वर उठते, तिकडची उचल घटते आणि विमान कलते. शेपटीच्या आडव्या पंखावर अशीच फळी असते, ती एलिव्हेटर. तिने नाक वर-खाली होते. उभ्या शेपटीवरचा रडर नाक डावी-उजवीकडे फिरवतो. राइट बंधूंच्या काळापासून विमान हाताळायचे ते या तीन हालचालींनीच. जेट प्रवासी विमाने आली तेव्हा यातले तत्त्व तसूभरही बदलले नाही. बदलले ते एवढेच की फळी हलवायची कुणी, हा प्रश्न नव्याने उभा राहिला.

घारीला हा प्रश्न पडत नाही. हरसूलच्या डोंगरउतारावर घिरट्या घालणारी घार पंख न फडफडवता टोकाला दुभंगलेली शेपटी नुसती पिळते, एक बाजू वर, एक खाली, आणि वळते. तिला उभी शेपटी नसते आणि फळ्याही नसतात. तिची पिसे तिच्याच स्नायूंना बांधलेली असतात आणि तिचा वेग त्या स्नायूंच्या आवाक्यातला असतो. विमानात स्नायू वैमानिकाचे आणि पंख भलत्याच मापाचे, तिथे गणित बिघडते.

ते किती बिघडते याचा अंदाज याच शिवारात येतो. हरसूल हे त्र्यंबकेश्वर तालुक्यातले, गुजरातच्या सीमेजवळचे भाताचे आणि नागलीचे गाव. आषाढात भाताच्या आवणीला वाकलेल्या बायांच्या पाठीवर इरले असते. आत बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर पानांचे आच्छादन. आता पानांच्या जागी बहुतेक प्लास्टिकचा कागद. वारा मंद असेल तर इरल्याची कड दोन बोटांनी धरता येते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की तीच कड चौपट जोराने ओढते आणि बाईला चिखलातला हात काढून इरले धरावे लागते. तिप्पट झाला तर जोर नऊपट. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो हा भौतिकशास्त्राचा नियम त्या खाचरात कुणी वहीत लिहिलेला नाही, पण तो प्रत्येकीला ठाऊक आहे.

जेटच्या आधीचे डकोटा विमान ताशी सुमारे ३०० किलोमीटरने जाई. त्याच्या एलेरॉन-एलिव्हेटरवर चक्क कापड ताणून बसवलेले असे आणि वैमानिकाच्या चाकापासून निघालेली पोलादी केबल कप्प्यांवरून थेट त्यांच्यापर्यंत जाई. जेट विमानाला खालच्या दाट हवेत ताशी ७०० किलोमीटरच्या आसपासचा दाब सोसावा लागतो. म्हणजे तेवढ्याच फळीवर पाचपटीहून जास्त जोर. त्यातच फळीही मोठी झालेली. फळीची लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट केली तर बिजागरीभोवती पिळणारा जोर आठपट होतो, कारण क्षेत्रफळ चौपट आणि तरफेची लांबी दुप्पट. दोन्ही गुणाकार एकत्र केले की माणसाचा दंड हिशेबातूनच बाद होतो. ही अडचण जेटच्या आधीच जाणवू लागली होती. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ने मुंबईहून लंडनचा पहिला फेरा केला, ते कॉन्स्टेलेशन विमान पिस्टन इंजिनांचे असूनही त्याच्या फळ्यांना हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाची, मदत होती.

जेटच्या पहिल्या पिढीने या अडचणीला दोन उत्तरे दिली. एक अमेरिकी, त्यातही मुख्यतः बोइंगचे: वाऱ्याचा जोर जास्त आहे ना, मग वाऱ्यालाच कामाला लावा. दुसरे ब्रिटिश आणि फ्रेंच: हाताचा संबंध तोडा, फळ्या तेलाच्या दाबाने हलवा. दोन्ही उत्तरे मुंबईत सांताक्रूझच्या धावपट्टीवर वर्षानुवर्षे शेजारी शेजारी उभी होती. एअर इंडियाकडे बोइंग ७०७, इंडियन एअरलाइन्सकडे कॅराव्हेल.

एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘गौरीशंकर’ हे बोइंग ७०७ २१ फेब्रुवारी १९६० रोजी ताफ्यात आले आणि आशियातली जेट वापरणारी ती पहिली विमान कंपनी ठरली. नावे हिमालयाच्या शिखरांची, इंजिने रोल्स-रॉइसची कॉनवे. १४ मे १९६० पासून ही विमाने न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागली आणि जून १९६२ मध्ये कंपनीच्या ताफ्यात जेटशिवाय विमान उरले नाही. या अजस्र विमानाचे एलेरॉन आणि एलिव्हेटर मात्र केबलवर आणि वैमानिकाच्या मनगटावर चालत, हे प्रवाशांना सांगितले असते तर कुणाचा विश्वास बसला नसता.

युक्ती होती टॅबची. एलेरॉनच्या मागच्या कडेला आणखी एक चिंचोळी पट्टी, तीही बिजागरीवर. वैमानिकाने चाक फिरवले की केबल एलेरॉनला ओढत नाही, फक्त या पट्टीला ओढते. पट्टी वर उठली की वारा तिला खाली दाबतो आणि तिच्याबरोबर एलेरॉनची मागची कड खाली जाते. पट्टी खाली तर एलेरॉन वर. पट्टी लहान म्हणून तिच्यावरचा जोर कमी. पण ती एलेरॉनच्या अगदी टोकाला, बिजागरीपासून दूर असल्याने तरफ लांब मिळते. मोठ्या जहाजाचे सुकाणू त्याच्याच मागच्या लहानशा सुकाणूने फिरवावे, तसा हा प्रकार. विमान तळावर उभे असताना वारा नसल्याने चाक फिरवले तर आधी नुसती टॅबच हलते. विमानाने वेग घेतला की मग फळीला जीव येतो.

एवढ्यानेही भागत नव्हते. म्हणून बिजागरीच्या पुढे, पंखाच्या पोटात, एक बंदिस्त पोकळी ठेवलेली असे. एलेरॉनला पुढून जोडलेले एक पातळ पॅनेल या पोकळीचे वरचा आणि खालचा असे दोन भाग करी आणि कडेने झिरप होऊ नये म्हणून लवचीक सील लावलेले असे. वरचा भाग पंखाच्या वरच्या फटीला उघडा, खालचा खालच्या फटीला. एलेरॉन खाली झुकला की वरच्या फटीपाशी हवेचा दाब घटतो, खालच्या फटीपाशी वाढतो आणि पॅनेल वर ओढले जाते, म्हणजे एलेरॉनला आणखी खाली ढकलते. वाऱ्याचा विरोध वाऱ्यानेच अर्धाअधिक मारायचा. बाहेरून यातले काहीच दिसत नाही. मात्र पोकळीत पाणी साचून गोठले किंवा सील फाटले, तर चाक अचानक जड लागू लागते. देखभाल करणाऱ्यांच्या दृष्टीने हा अतिशय खोडकर भाग होता.

७०७ च्या प्रत्येक पंखावर एलेरॉन दोन होते, एक टोकाकडे आणि एक आतल्या बाजूला. त्याचे कारण बोइंगने आधी बनवलेल्या बी-४७ बॉम्बफेकी विमानात सापडते. त्याचे पंख मागे झुकलेले, लांब आणि पातळ होते. मोठ्या वेगात टोकाचा एलेरॉन खाली केला की तो पंखाचे टोक उचलण्याऐवजी पंखालाच पिळून टाकी. पंखाची पुढची कड खाली वळे, उचल वाढण्याऐवजी घटे, आणि एका ठरावीक वेगापलीकडे विमान चक्क उलट्या दिशेला कले. डावीकडे चाक फिरवावे आणि विमानाने उजवीकडे झुकावे, याहून वाईट थट्टा वैमानिकाची होणे नाही. म्हणून ७०७ मध्ये टोकाचे एलेरॉन फक्त फ्लॅप (पंखामागून बाहेर येणाऱ्या पट्ट्या) उघडे असताना, म्हणजे उड्डाण आणि उतरण्याच्या कमी वेगात काम करत. फ्लॅप मिटले की ते जागच्या जागी बंद. वर गेल्यावर कलण्याचे काम पंखाच्या जाड, न पिळणाऱ्या भागातले आतले एलेरॉन करत.

त्यांच्या जोडीला स्पॉइलर. पंखाच्या पाठीवर, फ्लॅपच्या पुढे बसवलेल्या या पट्ट्या हायड्रॉलिक दाबाने वर उठतात आणि तेवढ्या जागेची उचल बिघडवतात. उजवीकडे वळायचे असेल तर उजव्या पंखावरचे स्पॉइलर उठतात आणि तो पंख खाली जातो. दोन्हीकडचे एकदम उठवले तर तो ब्रेक होतो. पंखामागच्या खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला हा सगळा खेळ दिसे. टोकाचा एलेरॉन मुकाट, आतला मधूनच किंचित थरथरणारा, आणि वळताना पंखाच्या पाठीवर कवाड किलकिले व्हावे तशी उठलेली पट्टी.

स्पॉइलरचा एक अनपेक्षित उपयोगही होता. पंख मागे झुकलेले असल्याने टोकाकडचे स्पॉइलर विमानाच्या गुरुत्वमध्याच्या मागे पडतात आणि आतले पुढे. फक्त बाहेरचे उठवले तर मागची उचल घटून नाक वर येते, फक्त आतले उठवले तर नाक खाली जाते. ७०७ च्या कॉकपिटमध्ये आतली आणि बाहेरची जोडी वेगवेगळी बंद करायची बटणे होती. शेपटी अडकलीच तर पंखाच्या पाठीने नाक सांभाळायचे हे वैमानिकांना शिकवले जाई.

शेपटी अडकण्याची भीती उगाच नव्हती. जेट विमान इंधन जाळत जाते तसा त्याचा तोल सरकतो. वेग, फ्लॅप, उंची बदलली तरी सरकतो. प्रत्येक वेळी एलिव्हेटर दाबून धरणे परवडत नाही, म्हणून शेपटीचा अख्खा आडवा पंख, स्टॅबिलायझर, लांब आट्यांच्या स्क्रूवर बसवून हळूहळू वर-खाली फिरवता येईल असा केला गेला. स्क्रू फिरवायला इलेक्ट्रिक मोटर, आणि ती बंद पडली तर वैमानिकाच्या गुडघ्याशी हाताने फिरवायचे चाक. हा मोठा पंख एलिव्हेटरपेक्षा फार ताकदवान असतो. तो चुकीच्या जागी गेला तर एलिव्हेटर कितीही ओढला तरी पुरा पडत नाही.

३ फेब्रुवारी १९५९ रोजी अटलांटिकवर पॅन ॲमच्या ७०७ मध्ये हेच घडले. ऑटोपायलट सुटल्याचे वेळेवर ध्यानात आले नाही, नाक खाली गेले, कॅप्टन केबिनमधून धडपडत परत आला आणि ३५,००० फुटांवरून पडत निघालेले विमान सुमारे ६,००० फुटांवर सावरले. ध्वनीच्या वेगाजवळ जाताना पंखावरचा उचलीचा मध्य मागे सरकतो आणि नाक आपोआप आणखी खाली जाते, ही त्यातली दुसरी मेख. त्यासाठी वेग वाढताच स्टॅबिलायझर आपसूक हलवणारी मॅक ट्रिमर ही व्यवस्था वापरात आली. वैमानिकांनी आपली एक तोडही काढली होती. एलिव्हेटर जिवाच्या आकांताने ओढलेला असताना त्याचा जोर स्क्रूवर येतो आणि हातचाक फिरत नाही. मग क्षणभर ओढ सैल सोडायची, नाक थोडे पडू द्यायचे, तेवढ्यात चाक दोन-चार फेरे फिरवायचे, पुन्हा ओढायचे. हे जुन्या पुस्तिकांत होते, नव्यांतून हळूहळू गळाले. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मॅक्समध्ये संगणकाने स्टॅबिलायझर नाक खाली नेणाऱ्या बाजूला फिरवला आणि चालकदलाला ते हातचाक फिरवता आले नाही, तेव्हा साठ वर्षांपूर्वीची ती तोड अनेकांना आठवली.

उभ्या शेपटीची कथा वेगळी. मागे झुकलेल्या पंखाचे विमान जरा घसरले की एक पंख वाऱ्याला जास्त सामोरा जातो, उचलला जातो, मागे खेचला जातो. मग दुसऱ्याची पाळी. विमान नाक फिरवत आणि डुलत राहते, भरलेल्या बैलगाडीने चाकोरी सोडल्यासारखे. याला डच रोल म्हणतात. चुकीच्या क्षणी चुकीचा हात पडला तर डोलणे वाढत जाते. १९ ऑक्टोबर १९५९ रोजी अमेरिकेत प्रशिक्षणाच्या उड्डाणात डच रोल दाखवताना ब्रॅनिफच्या नव्या ७०७ ची इंजिने पंखांवरून उखडून पडली. ब्रिटनच्या नोंदणी मंडळाचे चाचणी वैमानिक डी. पी. डेव्हिस यांनी कॉनवे इंजिनांच्या ७०७ ला, म्हणजे एअर इंडियाने घेतलेल्याच मालिकेला, ब्रिटनमध्ये परवानगी देताना अडवून धरले. एका बाजूचे इंजिन बंद पडल्यावर नाक सरळ ठेवायला रडर अपुरा पडतो आणि विमान फार डुलते, असे त्यांचे म्हणणे. बोइंगने शेपटी उंच केली, पोटाखाली आणखी एक पातळ पंख लावला आणि रडरची हायड्रॉलिक मदत वाढवली. खर्च मोठा होता, पण तक्रार खरी होती. शिवाय यॉ डँपर होता: डोलणे सुरू होताच जायरोस्कोपला ते कळते आणि तो वैमानिकाच्या आधी रडर किंचित हलवतो.

डग्लसच्या डीसी-८ ने मधला रस्ता धरला. एलिव्हेटर टॅबवर, एलेरॉन आणि रडर हायड्रॉलिक, पण दाब गेला तर हाताने चालणारे. महाराष्ट्राला हे विमान आठवते ते दुर्दैवाने. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईकडे उतरणारे अलितालियाचे डीसी-८ जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि ९४ जण गेले. तिथे फळ्यांचा दोष नव्हता. विमान आपल्या समजुतीपेक्षा वेगळ्या जागी होते आणि फार लवकर खाली आले.

आता दुसरे उत्तर. २ मे १९५२ रोजी प्रवासी सेवेत आलेले ब्रिटनचे कॉमेट हे जगातले पहिले जेट प्रवासी विमान, आणि त्याच्या सगळ्या फळ्या हायड्रॉलिक जॅकने हलत. वैमानिक फक्त एक झडप उघडतो, दाबाखालचे तेल पिस्टनला ढकलते आणि फळी जाते. वारा कितीही असो, हाताला तो कळतच नाही. सोय म्हणावी तर ही, आणि धोकाही हाच. वाऱ्यात इरले धरणाऱ्या हाताला जोर कळतो म्हणून ते फाटत नाही. हात बधिर असेल तर माणूस वाटेल तेवढे ओढील. म्हणून खोटी जाणीव तयार करावी लागते: स्प्रिंग लावायची, आणि वेगानुसार ती ताठ करणारी, हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा जोडायची. वैमानिक ओढतो ती असते एक स्प्रिंग; फळीशी तिचा काडीचा संबंध नसतो. २ मे १९५३ रोजी, बरोबर वर्षाने, कोलकात्याच्या दमदमहून दिल्लीकडे निघालेले कॉमेट वादळात हवेतच मोडले आणि ४३ जण गेले. भारतीय चौकशीने वादळाच्या झोताबरोबरच वैमानिकाकडून फळ्या गरजेपेक्षा जास्त हलवल्या गेल्या असाव्यात ही शक्यताही नोंदवली, आणि खोट्या जाणिवेचा प्रश्न ऐरणीवर आला. पुढे कॉमेट बदनाम झाले ते धातूच्या थकव्याने, फळ्यांमुळे नव्हे.

फ्रान्सच्या कॅराव्हेलने कॉमेटचे नाकच परवाना घेऊन उचलले होते आणि फळ्या तेलावर चालवायची कल्पनाही तीच. इंजिने शेपटीच्या दोन बाजूंना, त्यामुळे पंख स्वच्छ आणि केबिन शांत. इंडियन एअरलाइन्सने १९६४ पासून ही विमाने देशांतर्गत मार्गांवर उडवली. डकोटातून उठून त्यात बसलेल्या माणसाला ते चैनीचे वाटे.

१२ ऑक्टोबर १९७६ च्या रात्री सांताक्रूझहून मद्रासला निघालेल्या कॅराव्हेलचे उजवे इंजिन उड्डाणानंतर लगेच फुटले. इंजिनाच्या कंप्रेसरमधल्या दहाव्या टप्प्याच्या चकतीला थकव्याने तडा गेला होता; तिचे तुकडे बाहेर फेकले गेले, इंधनाची नळी तुटली आणि आग लागली. चालकदलाने विमान वळवून परत धावपट्टीकडे आणले. एका इंजिनावर कॅराव्हेल उडू शकते, तेव्हा इथपर्यंत सगळे हाताबाहेर गेलेले नव्हते. पण आग शेपटीच्या बाजूला होती, आणि एलिव्हेटरला हलवणारे तेलही तिथूनच जात होते. ते जळून गेले. धावपट्टी समोर दिसत असताना वैमानिकाच्या हातातला दांडा कशालाच जोडलेला उरला नाही. विमान नाकाने खाली गेले. ९५ जण होते, कुणीही वाचले नाही.

७०७ मध्ये हीच आग लागली असती तर काय झाले असते हा प्रश्न निरर्थक आहे, कारण त्याची इंजिने पंखाखाली लोंबतात, शेपटीपासून दूर. पण दोन उत्तरांमधला खरा फरक त्या रात्री उघडा पडला. केबल जड असते, ताणते, गंजते, पण तिच्यातून काही गळून जात नाही. तेलाची नळी एकदा फुटली की तिच्यातले सारे जाते. म्हणून पुढच्या विमानांत हायड्रॉलिक यंत्रणा तीन-तीन, चार-चार झाल्या. तरीही १९८९ मध्ये अमेरिकेत डीसी-१० च्या शेपटीतल्या इंजिनाची चकती फुटून तिन्ही एकदम गेल्या आणि चालकदलाला उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करूनच विमान आयोवातल्या सू सिटीपर्यंत न्यावे लागले. संख्या वाढवून उपयोग नाही, नळ्या एकमेकींपासून लांब न्याव्या लागतात.

लढाऊ विमानांत हा वाद कधीच संपला होता. नाशिकजवळ ओझरला १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग-२१ चा कारखाना उभा राहिला. त्या विमानाच्या शेपटीचा आडवा पंख अख्खाच्या अख्खा एलिव्हेटर म्हणून फिरतो, तोही ध्वनीच्या दुप्पट वेगात. हाताने ते शक्यच नाही.

प्रवासी विमानांत दोन्ही घराणी अजून नांदतात. एअरबस ए-३२० मध्ये वैमानिकाच्या बाजूची छोटी काठी संगणकाला विनंती करते, संगणक तारेतून जॅकला आज्ञा देतो. त्याच मुंबईच्या धावपट्टीवर तिच्या पाठोपाठ उतरणाऱ्या बोइंग ७३७ मध्ये मात्र चाकापासून केबल निघते. रोजच्या उड्डाणात ती हायड्रॉलिक जॅकलाच इशारा देते. दोन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या तर तीच केबल, दोघा वैमानिकांच्या हातांचा जोर, मागच्या कडेवरची टॅब आणि फळीच्या पुढच्या पोकळीतले ते पॅनेल मिळून एलेरॉन आणि एलिव्हेटर हलवतात. चाक तेव्हा खूप जड लागते.